जिवाणू बनवतात चुंबक, चांदीचे कण आणि लसही! ही सूक्ष्म फॅक्टरी रुग्णांपर्यंत कितपत पोचली आहे?

गरोदरपणाच्या घरगुती चाचणीत पट्टीवर जी लाल रेघ उमटते, ती बहुतेक किटमध्ये सोन्याची असते. कोविडच्या काळात घरोघरी झालेल्या रॅपिड टेस्टमधली रेघही अनेकदा अशीच. सोनं पिवळं, मग रेघ लाल कशी? कारण सोन्याचे कण काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर इतके बारीक झाले की ते पिवळे न दिसता लाल दिसू लागतात.

किटमधले हे कण रसायनं वापरून बनवले जातात. पण सोन्याचे, चांदीचे, लोखंडाच्या ऑक्साइडचे असे कण जिवाणूही बनवतात. माणसाच्या उपचारासाठी त्यांचा उपयोग करता येईल का, यावर गेली पंचवीसहून जास्त वर्षं जगभर काम सुरू आहे. त्यात आपल्या पुण्यातल्या प्रयोगशाळांचाही मोठा वाटा आहे.

सोशल मीडियावर मात्र हा विषय बहुतेक वेळा "जिवाणूंनी बनवलेल्या कणांनी कॅन्सर बरा" अशा थाटात येतो. घरात कुणी आजारी असेल तर अशी पोस्ट वाचून आशा लागते, आणि कधी कधी पदरचे पैसेही जातात. म्हणूनच हे कण कसे बनतात, त्यांनी आजवर काय करून दाखवलं आहे आणि गाडी नेमकी कुठे अडली आहे, हे आज नीट समजून घेऊया.

नॅनोकण म्हणजे नेमकं काय?

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. एखादा जिवाणू हजार-दोन हजार नॅनोमीटर लांब असतो. साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. व्यवहारात त्याहून थोड्या मोठ्या कणांनाही हे नाव दिलं जातं. म्हणजे एकाच जिवाणूच्या पोटात असे कण डझनावारी मावतात.

पदार्थ इतका बारीक झाला की त्याचा स्वभाव बदलतो. एक सोपा हिशोब पाहा. १ सेंटीमीटर बाजूच्या चौकोनी खड्याचा एकूण पृष्ठभाग ६ चौरस सेंटीमीटर असतो. त्याच खड्याचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सगळ्या तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो, म्हणजे सहा हजार चौरस फुटांहून जास्त! वजन तेच, पण बाहेरच्या जगाशी संबंध येणारी जागा दहा लाख पटींनी वाढली. या जागेवर औषध चिकटवता येतं, प्रतिपिंडं म्हणजे अँटिबॉडी बसवता येतात.

दुसरा बदल गुणधर्मांत होतो. सोन्याचा रंग बदलतो. लोखंडाच्या ऑक्साइडचं चुंबकत्व बदलतं. त्यामुळे या क्षेत्रात कणाचा आकार म्हणजेच त्याची ओळख. २० नॅनोमीटरचा कण आणि २०० नॅनोमीटरचा कण एकाच धातूचे असले तरी शरीरात त्यांचं वागणं वेगळं असू शकतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तोच कळीचा ठरणार आहे.

जिवाणू धातूच्या नादी का लागतो?

जिवाणूला आपल्या औषधांशी काही देणंघेणं नसतं. तो हे कण स्वतःच्या सोयीसाठी बनवतो. त्यातलं पहिलं कारण जीव वाचवणं.

पाण्यात विरघळलेली चांदी, म्हणजे चांदीचे आयन, बहुतेक जिवाणूंसाठी विष असतं. अशा ठिकाणी तग धरणारे जिवाणू एक युक्ती करतात. ते आपल्या एन्झाइमांच्या मदतीने आयनला इलेक्ट्रॉन देतात. इलेक्ट्रॉन मिळाला की विरघळलेली चांदी पुन्हा धातू होते. असे अणू एकमेकांना चिकटत जातात आणि त्यांचा कण बनतो. भोवतालची प्रथिनं त्या कणावर आवरण चढवतात, त्यामुळे तो फार वाढत नाही आणि शेजारच्या कणाला चिकटतही नाही. विरघळलेल्या रूपापेक्षा हा घट्ट कण जिवाणूला कमी त्रासाचा असतो.

स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९९ साली याचं ठळक उदाहरण जगासमोर ठेवलं. तान्या क्लाउस आणि क्लेस-ग्योरान ग्रांक्विस्ट यांच्या गटाने स्यूडोमोनास स्टुट्झेरी जातीचा, एजी२५९ या नावाचा जिवाणू घेतला. तो मुळात चांदीच्या खाणीतून मिळवलेला होता. त्याला चांदीच्या क्षारांत वाढवल्यावर त्याच्या पेशीत चांदीचे स्फटिक साठले. काही चक्क त्रिकोणी, काही षटकोनी, आणि आकार २०० नॅनोमीटरपर्यंत. जिवाणू फक्त धातू साठवत नाही, तर त्याचे घडीव स्फटिक बनवू शकतो, हे इथे स्पष्ट दिसलं.

ताक, गवती चहा आणि पुणे

यासाठी खाणीतलाच जिवाणू हवा असंही नाही. आयआयटी मद्रासमधल्या बी. नायर आणि टी. प्रदीप यांनी २००२ मध्ये ताकातल्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूंवर सोन्या-चांदीच्या क्षारांचा प्रयोग केला. आपल्या रोजच्या ताकातल्या या जिवाणूंनी सोन्याचे, चांदीचे आणि दोन्हींच्या मिश्रधातूचेही स्फटिक तयार केले.

त्याच सुमारास पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएलमध्ये मुरली शास्त्री आणि अबसार अहमद यांचा गट या विषयात जगात आघाडीवर होता. त्यांनी २००१ मध्ये व्हर्टिसिलियम या बुरशीकडून सोन्या-चांदीचे नॅनोकण बनवून घेतले. पुढे फ्युजेरियम ही बुरशी वापरली, तेव्हा कण पेशीच्या बाहेर, द्रवात तयार झाले. २००३ मध्ये त्यांनी थर्मोमोनोस्पोरा या ॲक्टिनोमायसिट गटातल्या जिवाणूकडून सोन्याचे जवळपास एकसारख्या आकाराचे कण मिळवले, तेही पेशीच्या बाहेर. याच गटाने गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण बनवल्याचं काम २००४ मध्ये 'नेचर मटेरियल्स' या नियतकालिकात आलं होतं. पुण्यातल्याच आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर यांच्या गटाने याच काळात यीस्टकडून चांदीचे आणि कॅडमियम सल्फाइडचे नॅनोकण बनवून घेतले.

कण पेशीबाहेर तयार होणं इतकं महत्त्वाचं का? कण पेशीच्या आत असेल तर तो काढण्यासाठी पेशी फोडावी लागते आणि तिच्यातला सगळा ऐवज कणांत मिसळतो. कण बाहेरच्या द्रवात असेल तर तो वेगळा करणं त्या मानाने सोपं जातं.

प्रयोगशाळेत हे कसं करतात?

पद्धत ऐकायला अगदी साधी आहे.

१. जिवाणू पोषक द्रवात एक-दोन दिवस वाढवतात.

२. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी खाली बसवतात. वरचा द्रव वेगळा घेतात. जिवाणूंनी सोडलेली एन्झाइमं आणि प्रथिनं या द्रवात असतात.

३. त्यात सिल्व्हर नायट्रेटचं पातळ द्रावण मिसळून ते ठरावीक तापमानाला ठेवतात.

४. काही तासांत किंवा दिवसांत द्रवाचा रंग पिवळसर-तपकिरी होतो. चांदीचे नॅनोकण तयार होत असल्याची ही पहिली खूण.

५. मग खरी तपासणी सुरू होते. द्रव कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतो ते पाहतात. चांदीच्या बाबतीत ती साधारण ४२० नॅनोमीटरच्या आसपास असते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कणांचा आकार मोजतात आणि एक्स-रेच्या मदतीने स्फटिकाची रचना तपासतात.

याउलट रासायनिक पद्धतीत सोडियम बोरोहायड्राइडसारखी तीव्र रसायनं लागू शकतात. काही प्रकारच्या कणांसाठी सेंद्रिय द्रावकं आणि बरंच जास्त तापमान लागतं. जिवाणू हेच काम पाण्यात आणि साध्या तापमानाला करतो. म्हणून या पद्धतीला 'हरित' म्हटलं जातं आणि तिचं कौतुकही होतं.

चिखलातलं होकायंत्र

चांदीचा कण जिवाणू संकटातून सुटण्यासाठी बनवतो. पण काही जिवाणू नॅनोकण अगदी आराखडा आखल्यासारखे बनवतात, आणि वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत जास्त अपेक्षा त्यांच्याकडूनच आहेत.

१९७५ मध्ये रिचर्ड ब्लेकमोर हा अमेरिकन संशोधक मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल भागातल्या चिखलाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. त्यातले काही जिवाणू सतत एकाच दिशेला पोहत जात होते. प्रकाशाची दिशा बदलली तरी फरक पडेना. जवळ चुंबक आणल्यावर मात्र त्यांनी लगेच दिशा बदलली. इटलीत साल्वातोरे बेलिनी यांनी १९६३ मध्ये असे जिवाणू पाहून नोंदवले होते, पण ती नोंद बराच काळ बाहेरच्या जगाला ठाऊक नव्हती.

या जिवाणूंच्या पोटात मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या चुंबकीय ऑक्साइडचे, कण एका रांगेत ओवलेले असतात. काही जातींत ते ग्रेगाइट या लोह-सल्फाइडचे असतात. प्रत्येक कणाभोवती पातळ पटल असतं. पटलासकट असलेल्या या कणाला मॅग्नेटोसोम म्हणतात. आकार साधारण ३५ ते १२० नॅनोमीटर.

हा आकार योगायोगाने आलेला नाही. मॅग्नेटाइटचा कण फार लहान असेल तर त्याचं चुंबकत्व साध्या तापमानाला टिकत नाही. फार मोठा असेल तर त्याच्या आत वेगवेगळ्या दिशांचे चुंबकीय विभाग पडतात आणि ते एकमेकांना मारक ठरतात. जिवाणू नेमका मधला आकार धरतो, त्यामुळे प्रत्येक कण एक पक्का चुंबक होतो. असे अनेक कण एका ओळीत आले की होकायंत्राची सुई तयार! या जिवाणूंना अगदी कमी ऑक्सिजनचा थर मानवतो. पृथ्वीच्या चुंबकीय रेषा धरून वर-खाली पोहत ते तो थर शोधतात.

हे काम जनुकांच्या एका संचाच्या हुकमाने चालतं. आधी पेशीचं आतलं पटल आत वळून छोटी पिशवी बनते. त्या पिशवीत लोह आणलं जातं आणि तिथे स्फटिक वाढतो. मग 'मॅम-के' नावाच्या प्रथिनाच्या दोरीवर सगळे कण रांगेत बसतात. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हा जनुकसंच दुसऱ्याच एका जिवाणूत घातला आणि तोही मॅग्नेटोसोम बनवू लागला. म्हणजे ही कला एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे नेता येते.

गाठ तापवणारे चुंबक

मॅग्नेटोसोमचा वैद्यकीय उपयोग तीन दिशांनी शोधला जातो आहे.

पहिली दिशा म्हणजे उष्णता. चुंबकीय कण वेगाने उलटसुलट बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात ठेवले की तापतात. हे कण कॅन्सरच्या गाठीत टोचले आणि बाहेरून असं क्षेत्र लावलं, तर गाठ आतून तापते. कॅन्सरच्या पेशींना इजा करायला साधारण ४२ ते ४६ अंश सेल्सिअस तापमान पुरतं. फ्रान्समधल्या एदुआर आल्फांदेरी यांच्या गटाने २०११ मध्ये उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या शरीरात माणसाच्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींची गाठ वाढवली होती. मॅग्नेटोसोमच्या साखळ्या टोचून उपचार केलेल्या काही उंदरांत गाठ पूर्ण नाहीशी झाली. तेच कण सुटे करून टोचल्यावर परिणाम कमी दिसला. म्हणजे जिवाणूने घातलेली रांगही कामाची होती. पुढे याच गटाने उंदरांच्या मेंदूतल्या गाठींवरही आशादायक निष्कर्ष मिळवले.

दुसरी दिशा म्हणजे औषध नेमक्या जागी पोचवणं. मोठ्या गाठीच्या मध्यभागी रक्तवाहिन्या नीट पोचत नाहीत, म्हणून तिथे ऑक्सिजन कमी असतो आणि औषधही कमी जातं. चुंबकीय जिवाणूंना मात्र कमी ऑक्सिजनची जागाच आवडते! कॅनडातल्या माँट्रियलमध्ये सिल्व्हॅं मार्टेल यांच्या गटाने २०१६ मध्ये याचाच फायदा घेतला. त्यांनी जिवंत जिवाणूंच्या पाठीवर औषधाच्या सूक्ष्म पिशव्या बसवल्या, एका जिवाणूवर साधारण ७०. उंदरांत गाठीजवळ सोडलेले हे जिवाणू चुंबकाने गाठीकडे वळवले, तेव्हा ५५ टक्क्यांपर्यंत जिवाणू गाठीच्या कमी ऑक्सिजनच्या भागात शिरले.

तिसरी दिशा म्हणजे तपासणी. चुंबकीय कण एमआरआयमध्ये उठून दिसतात, म्हणून गाठ शोधायला त्यांचा उपयोग होऊ शकतो. शिवाय जनुकांत बदल करून जिवाणूकडूनच मॅग्नेटोसोमच्या पटलावर हवं ते प्रथिन बसवून घेता येतं. असा कण नमुन्यातला विशिष्ट पदार्थ पकडतो आणि मग चुंबकाने तो बाजूला ओढता येतो.

हे सगळं वाचून कुणालाही वाटेल की उपचार आता हाताशी आला. पण वरच्या उपचारांच्या प्रयोगांत रुग्ण कुठेच नाहीत, आहेत ते उंदीर. मॅग्नेटोसोम वापरून कॅन्सरवर करायच्या कोणत्याही उपचाराला अजून मान्यता मिळालेली नाही.

मग गाडी अडते कुठे?

कण बनवणं सोपं आहे. प्रत्येक वेळी तोच कण, तितकाच शुद्ध आणि पुरेशा प्रमाणात बनवणं कठीण आहे. औषधाच्या कारखान्याला हेच तर हवं असतं.

एकसारखेपणा: जिवाणू जिवंत असतो. पोषक द्रव, आम्लता, तापमान, वाढीचं वय, यातलं काहीही थोडं बदललं की कणांचा आकार बदलू शकतो. आजचं ताक कालच्यासारखं आंबट होत नाही, तसंच हे. ताकात ते चालून जातं. शिरेतून द्यायच्या औषधात चालत नाही, कारण आकार बदलला की कण शरीरात कुठे जाऊन बसेल तेही बदलतं. मॅग्नेटोसोमच्या बाबतीत जनुकांमुळे आकार बराच पक्का असतो. पेशीबाहेर बनणाऱ्या चांदी-सोन्याच्या कणांत फरक जास्त पडतो.

शुद्धता: ग्रॅम-निगेटिव्ह गटातल्या जिवाणूंच्या बाहेरच्या पटलात एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ असतो. चुंबकीय जिवाणू आणि स्यूडोमोनास दोघेही याच गटातले. एंडोटॉक्सिन रक्तात गेलं तर ताप येतो, रक्तदाब कोसळतो आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून इंजेक्शनच्या औषधांत त्याचं प्रमाण अगदी कडक मर्यादेत ठेवावं लागतं. ते कणांवरून पूर्ण धुऊन काढणं सोपं नाही. फ्रान्समधल्या गटाने शेवटी मॅग्नेटोसोमवरचा जिवाणूचा सेंद्रिय भाग काढून टाकून त्यावर नवं आवरण चढवण्याचा मार्ग धरला. म्हणजे स्फटिक जिवाणूचा, पण वरचा अंगरखा माणसाने शिवलेला.

प्रमाण: चुंबकीय जिवाणू सावकाश वाढतात आणि त्यांना ऑक्सिजन अगदी मोजून मापून द्यावा लागतो. चांगल्या प्रयोगांतही एक लिटर द्रवामागे शंभर-दोनशे मिलिग्रॅमच्या आसपासच मॅग्नेटोसोम मिळतात.

स्पर्धा: जिवाणूला टक्कर द्यायला रसायनशास्त्र समोर उभं आहे. फेरुमॉक्सिटॉल हे लोह-ऑक्साइडच्या नॅनोकणांचं औषध रासायनिक पद्धतीने बनतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांमधल्या लोहाच्या कमतरतेसाठी अमेरिकेने त्याला २००९ मध्ये मान्यता दिली. काही रुग्णांना त्याची गंभीर ॲलर्जी झाल्यामुळे २०१५ मध्ये त्यावर कडक इशाराही छापावा लागला. चुंबकीय कणांनी मेंदूतली गाठ तापवण्याच्या उपचारालाही युरोपात २०१० मध्ये मान्यता मिळाली, पण त्यातले कणही रासायनिक पद्धतीचेच. जखमेवर लावायच्या चांदीच्या ड्रेसिंगचंही तसंच, ती बहुतेक रासायनिक किंवा भौतिक पद्धतीने बनतात. जिवाणूचा कण बाजारात यायचा असेल, तर तो नुसता 'हरित' असून भागणार नाही. या कणांपेक्षा तो रुग्णासाठी चांगला ठरला पाहिजे.

रुग्णांपर्यंत पोचलेला जिवाणूचा नॅनोकण

आता एक उलटं उदाहरण. जिवाणूने बनवलेला एक नॅनोकण प्रयोगशाळेतून बाहेर पडून लाखो लोकांच्या दंडात टोचला गेला आहे. त्यात सोनं नाही, चांदी नाही, लोखंडही नाही.

ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू आपल्या बाहेरच्या पटलाचे छोटे बुडबुडे सतत सोडत असतात. त्यांचा आकार साधारण २० ते २५० नॅनोमीटर. या बुडबुड्यावर जिवाणूची सगळी ओळखचिन्हं असतात, पण तो स्वतः जिवंत नसतो, त्यामुळे त्याची वाढ होत नाही. रोगप्रतिकारक शक्तीला शत्रूची ओळख करून द्यायला याहून चांगला नमुना कोणता?

मेंदूज्वर घडवणाऱ्या मेनिंगोकॉकस जिवाणूच्या 'बी' प्रकाराविरुद्ध ही कल्पना कामी आली. इतर प्रकारांवरच्या लशी जिवाणूच्या साखरेच्या कवचापासून बनतात. 'बी' प्रकाराचं कवच मात्र आपल्याच मज्जातंतूंमधल्या एका घटकासारखं असतं, त्यामुळे शरीर त्याला शत्रू मानत नाही. म्हणून शास्त्रज्ञ पटलाच्या बुडबुड्यांकडे वळले. क्युबाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस अशी लस वापरात आणली. न्यूझीलंडमध्ये १९९१ पासून साथ सुरू होती. तिथे २००४ पासून वीस वर्षांखालच्या मुलांना तिथल्याच जिवाणूच्या बुडबुड्यांपासून बनवलेली लस दिली गेली. हेच न्यूझीलंडचे बुडबुडे आणि त्यांच्या जोडीला तीन प्रथिनं मिळून बनलेल्या लशीला युरोपने २०१३ मध्ये मान्यता दिली. ब्रिटनने २०१५ पासून ती तान्ह्या बाळांच्या नियमित लसीकरणात घेतली.

गोष्ट इथेच संपत नाही. न्यूझीलंडमधल्या २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं, की तिथे २००४ पासून दिलेली बुडबुड्यांची लस घेतलेल्यांत गनोरिया, म्हणजे परमा, होण्याचं प्रमाण साधारण ३१ टक्क्यांनी कमी होतं. दोन्ही रोगांचे जिवाणू एकमेकांचे चुलतभाऊ असल्याने हे शक्य आहे. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हा परिणाम इतका स्पष्ट दिसला नाही. तरीही गनोरियावर प्रतिजैविकं निकामी होत चालल्यामुळे, अर्धवट संरक्षणही मोलाचं मानून इंग्लंडने ऑगस्ट २०२५ पासून जास्त धोका असलेल्या लोकांना युरोपने २०१३ मध्ये मान्य केलेली लस द्यायला सुरुवात केली.

मग धातूचे कण मागे राहिले आणि हे बुडबुडे पुढे कसे गेले? धातूच्या कणात जिवाणूचा उरलेला अंश म्हणजे भेसळ, तो काढावाच लागतो. लशीत मात्र जिवाणूचा तो अंश म्हणजेच औषध. त्यातलं एंडोटॉक्सिन धुऊन बरंच कमी केलं जातं, पण बाकीचं सगळं हवंच असतं. जिवाणूला जे मुळात येतं तेच त्याच्याकडून करून घेतलं, तिथे यश लवकर आलं.

'नॅनो सिल्व्हर' पिण्याआधी

'नॅनो' आणि 'हरित' हे शब्द छापून चांदीचं पाणी, थेंब, टॉनिक विकणाऱ्या जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. दोन गोष्टी लक्षात असू द्या.

एक म्हणजे, कण जिवाणूने किंवा वनस्पतीने बनवला म्हणून तो आपोआप सुरक्षित होत नाही. तो किती मोठा आहे, त्यावर कोणतं आवरण आहे, किती प्रमाणात घेतला आणि शरीरात कुठे साठतो, यावर सगळं अवलंबून असतं. रक्तात गेलेले बरेचसे नॅनोकण यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसतात.

दुसरं म्हणजे, दीर्घकाळ चांदी पोटात घेतल्याने त्वचा कायमची निळसर-करडी होऊ शकते. या विकाराला अर्जिरिया म्हणतात. रंग गेला की सहसा परत येत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच जाहीर केलं होतं, की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या चांदीच्या अशा औषधांना सुरक्षित किंवा परिणामकारक मानता येत नाही. भाजलेल्या जखमेवर डॉक्टरांनी लावलेलं चांदीचं मलम वेगळं आणि रोज सकाळी प्यायलेलं चांदीचं पाणी वेगळं.

पुढची पोस्ट आली तर काय पाहाल?

जिवाणू आणि नॅनोकण यांची बातमी दिसली की पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न विचारा.

१. प्रयोग कशावर झाला? काचेच्या बशीतल्या पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? बशीतली कॅन्सरची पेशी अनेक गोष्टींनी मरते, अगदी ब्लीचनेही.

२. तुलना कशाशी केली? आज मिळणाऱ्या औषधाशी की काहीच न देण्याशी?

३. निरोगी पेशींचं काय झालं, हे सांगितलं आहे का?

४. पोस्टच्या शेवटी काही विकायला ठेवलं आहे का? असेल तर तिथेच थांबा.

घरातल्या रुग्णासाठी अशी बातमी कुणी पाठवली, तर ती घेऊन थेट उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा: "यावर माणसांवरची चाचणी कुठे सुरू आहे का?" भारतातल्या औषधांच्या मानवी चाचण्यांची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया' या सरकारी नोंदवहीत असते आणि ती कुणालाही मोफत पाहता येते. तिथे नोंद नसलेल्या 'चाचणी'साठी कुणी पैसे मागत असेल, तर चालू असलेले उपचार सोडून त्याच्या मागे जाऊ नका.

जिवाणूंचं कसब खरंच थक्क करणारं आहे. चिखलातला एक पेशीचा जीव इतका नेमका चुंबक बनवतो की त्याची बरोबरी करायला माणसाला प्रयोगशाळेत घाम गाळावा लागतो. उंदराच्या गाठीपासून रुग्णाच्या खाटेपर्यंतचा रस्ता मात्र शुद्धता, एकसारखेपणा आणि माणसांवरच्या चाचण्या या तीन नाक्यांवरून जातो. लशीतला बुडबुडा हे नाके ओलांडून गेला आहे. चुंबक आणि चांदी अजून पहिल्या-दुसऱ्या नाक्यावर उभे आहेत.